उष्टावण झालं, आता भाजी सेंद्रियच हवी का?

मोगरा_गोरेगाव | सोमवार, दुपारी २.१०

नमस्कार. इथे चार वर्षं नुसतीच वाचते आहे, धागा काढायची ही पहिलीच वेळ. सांभाळून घ्या.

लेक साडेसहा महिन्यांची आहे. पंधरा दिवसांपूर्वी उष्टावण झालं. मामाने चांदीच्या वाटीतली खीर चाटवली, तिने ती मामाच्याच सदऱ्यावर परत केली. आता रोजचं खाणं सुरू झालंय: मऊ भात, मुगाचं वरण, आलटून पालटून लाल भोपळा, गाजर, रताळं. मोदकपात्रात वाफवते आणि चमच्याने कुस्करते.

तर आमच्या सोसायटीतल्या आयांच्या ग्रुपवर सगळ्यांचं एकच पालुपद, 'आपण काहीही खाऊ, बाळाला तरी ऑरगॅनिकच.' म्हणून ॲपवरून मागवायला लागले. गाजर अर्धा किलो ९० रुपये. स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्याकडे तेच ३०. सासूबाई पिशवी बघून म्हणाल्या, "तुझा नवरा नाक्यावरच्या भाजीवर वाढला, झाला की सहा फूट." नवरा पाच फूट सात आहे, पण ते असो.

सेंद्रिय भाजीत जीवनसत्त्वं, लोह वगैरे खरंच जास्त असतं का? फवारणीची भीती कितपत खरी? आणि मुंबईत खात्रीची भाजी मिळते तरी कुठे? धागा नवऱ्याला दाखवणार आहे, त्यामुळे शिव्या नकोत.

टिवल्याबावल्या

मी पयला! सेंद्रिय मक्याच्या लाह्या घेऊन बसलोय. चालू द्या.

चाफेकळी

डोळे मिटून सेंद्रियच दे गं. आमचा लेक आता तीन वर्षांचा आहे. पहिलं वर्षभर बाजारातली एक भाजी दिली नाही त्याला. वर्षभरात साधी सर्दी नाही. आणि चव! सेंद्रिय गाजर उकडलं की घरभर वास सुटतो. ते ठेल्यावरचं म्हणजे रंगवलेलं लाकूड. ९० रुपयांकडे बघू नकोस, डॉक्टरची फी त्याहून जास्त असते.

कोपरखळी

चाफेकळी, आमच्या लेकीलाही पहिल्या वर्षी सर्दी नव्हती आणि भाजी ठेल्यावरचीच होती. मग पाळणाघरात घातली. तिसऱ्या दिवशी जे नाक वाहायला लागलं ते बालवाडी संपेपर्यंत. यात गाजराचा काय दोष?

चाफेकळी

मी अनुभव सांगितला. नसेल पटत तर द्या सोडून.

आकडेमोड | सोमवार, संध्याकाळी ७.४५

मोगरा, तुमच्या पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. एखादा सुटा अभ्यास घेतला तर दोन्ही बाजूंनी हवं ते सिद्ध करता येतं, म्हणून मोठे आढावे बघावेत.

२००९ साली लंडनच्या स्कूल ऑफ हायजीनवाल्यांनी पन्नास वर्षांचं संशोधन चाळलं. पोषणमूल्यांत फारसा फरक नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. २०१२ साली स्टॅनफर्डचा आढावा आला. त्यांनाही जीवनसत्त्वांत दखल घेण्याजोगा फरक दिसला नाही, पण कीटकनाशकांचे अंश सेंद्रिय मालात कमी वेळा सापडले. २०१४ साली न्यूकॅसलच्या गटाने ३४३ शोधनिबंध एकत्र केले आणि निकाल जरा वेगळा लागला. सेंद्रिय पिकात अँटिऑक्सिडंट जास्त, कॅडमियम हा विषारी धातू कमी, आणि साध्या मालात कीटकनाशकांचे अंश सेंद्रियच्या चौपट वेळा. सोसायटीतल्या ग्रुपवर जे 'सिद्ध झालंय' म्हणून फिरतं ते बहुतेक या तिसऱ्यातलं असतं.

अँटिऑक्सिडंट जास्त का, याचं एक कारण असं देतात: युरिया घातलेलं रोप भराभर वाढतं. सेंद्रियमधलं सावकाश वाढतं, त्याला कीड-रोगाशी स्वतःच झुंजावं लागतं, त्यासाठी ते पॉलिफेनॉल नावाची अँटिऑक्सिडंट तयार करतं. ऐकायला बरं वाटतं. पण त्या आढाव्यात पीक मोजलंय, बाळ नाही. रोपाने चार पॉलिफेनॉल जास्त केले म्हणून सात महिन्यांच्या पोरीचं वजन वाढतं, असं त्यात कुठेही नाही.

लोहाच्या बाबतीत तर पाटी कोरीच. गाजराची जात कोणती, माती कशी, तोडून किती दिवस झाले, यांनीच इतका फरक पडतो की सेंद्रिय-बिगरसेंद्रिय हा भेद त्यात बुडून जातो.

टिवल्याबावल्या

थोडक्यात, सासूबाई १, ॲप ०.

आकडेमोड

थोडक्यात तसं नाही. अंशांचा मुद्दा खरा आहे. २००६ साली अमेरिकेत सिअ‍ॅटलकडे २३ शाळकरी मुलांचं खाणं पाच दिवस सेंद्रिय केलं. मॅलॅथिऑन आणि क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकांच्या मुलांच्या लघवीत दिसणाऱ्या खुणा जवळजवळ लगेच नाहीशा झाल्या. पुन्हा नेहमीचं खाणं सुरू केल्यावर परत आल्या. म्हणजे शरीरात जे जातं ते बऱ्याच अंशी ताटातून जातं. मात्र त्या मुलांना त्याने काही अपाय झाला होता का, हे त्या अभ्यासाने तपासलंच नव्हतं.

नाचणीसत्त्व | सोमवार, रात्री १०.३०

पोरांना झोपवून आत्ता बसले. मी आहारतज्ज्ञ आहे, परळला काम करते. रोज दहा-बारा आया भेटतात, त्यामुळे थोडं लांबेल.

मोगरा, तुमची यादी वाचली. भात, मूग, भोपळा, गाजर, रताळं. सगळं छान, पण यात लोह कुठे आहे? बाळ जन्मताना लोहाचा जो साठा घेऊन येतं तो सहाव्या महिन्याच्या आसपास संपत येतो, आणि आईच्या दुधात लोह कमीच असतं. वरचं खाणं सुरू करण्याचं ते एक मोठं कारण. सेंद्रिय गाजर दिलं काय, साधं दिलं काय, गाजरातून फारसं लोह मिळत नाही. माझ्याकडे अशी बाळं येतात ज्यांच्या घरी सगळं महागातलं, शिक्का मारलेलं, आणि हिमोग्लोबिन मात्र खाली.

लोहासाठी डाळ जास्त घ्या आणि पाणी कमी. वरणाचं वरचं पाणी देऊन बाळाचं पोट भरतं, पोषण होत नाही. त्या वयाच्या बाळाच्या पोटात एका वेळी वजनाच्या किलोमागे साधारण ३० मिली मावतं. आठ किलोचं बाळ असेल तर २४० मिली, म्हणजे मोठी वाटी. ती पाण्याने भरायची की घट्ट खिमटाने, हे तुमच्या हातात आहे. चमचा तिरका केला तर ओघळू नये इतपत घट्ट ठेवा.

पालेभाजीतलं लोह शरीर फार कमी शोषतं. भाजी गॅसवरून खाली उतरवल्यावर वरून लिंबाचे दोन थेंब पिळा, शोषण वाढतं. घरात चालत असेल तर अंडं, मासा, खिमा. लाल भोपळा आणि गाजरातलं बीटा कॅरोटीन अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतो, म्हणून अर्धा चमचा साजूक तूप. हे तूप न घालता ९० रुपयांचं गाजर देणं म्हणजे पाकीट उघडायचं आणि पत्र न वाचताच ठेवून द्यायचं.

मीठ, साखर वर्षभर नको. मध तर अजिबात नको. मधाचं बोट चाटवायचा आग्रह करणाऱ्या आत्याबाई असतील तर त्यांना माझा हा प्रतिसाद दाखवा. मधातून बॉट्युलिझम या विषबाधेचा धोका असतो आणि वर्षाच्या आतल्या बाळाला तो जिवावर बेतू शकतो.

पालवी

नाचणीसत्त्व, पाकीट-पत्र भारी! सेव्ह करून ठेवलं. एक विचारू? पालक दिला तर चालतो का? आमच्या शेजारणीने 'बाळ निळं पडतं' म्हणून घाबरवून ठेवलंय.

नाचणीसत्त्व

पालक, बीट, गाजर यांत नायट्रेट असतं. अगदी तान्ह्या, तीन-चार महिन्यांच्या आतल्या बाळांत त्याचा त्रास होऊ शकतो, रक्ताची प्राणवायू वाहायची क्षमता घटते, 'निळं पडणं' ते हेच. सहा महिन्यांनंतर ताजा शिजवून थोडा दिला तर भीती नाही. पण आज वाटलेला पालक तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवून देऊ नका, ठेवल्यावर त्यातल्या नायट्रेटचं नायट्राइट होत जातं. सेंद्रिय पालकालाही हे लागू. सेंद्रियमध्ये नायट्रेट सरासरीने कमी असतं म्हणतात, पण तीन दिवस जुनं ते जुनंच.

गिरगावची_आजी | मंगळवार, सकाळी ६.०५

मी ७१ वर्षांची आहे. चार मुलं आणि पाच नातवंडं वाढवली. आमच्या चाळीत सेंद्रिय हा शब्द कुणाला ठाऊक नव्हता. खिमट कसं करायचं ते सांगते, तुमच्या पिढीला ते माहीत नसतं. तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन पंच्यावर वाळवायची. कढईत खमंग भाजायची, सोबत थोडं जिरं. जात्यावर नाहीतर मिक्सरवर भरड काढायची. दोन चमचे भरड पाण्यात कालवून शिजवायची, गुठळी होता कामा नये, वरून तूप. भोपळ्याची फोड त्यातच शिजवून घोटायची. भाताची पेज वेगळी, भाजी वेगळी, असले चोचले आम्ही केले नाहीत.

आणि मधाचं बोट माझ्या चारी मुलांना चाटवलेलं आहे. सगळे धडधाकट आहेत.

नाचणीसत्त्व

आजी, खिमटाला साष्टांग नमस्कार. मधाला नाही.

टिवल्याबावल्या

आजी, सकाळी सहाला धाग्यावर? आमच्या घरात त्या वेळी दूधवालासुद्धा बेल दाबायला घाबरतो.

गिरगावची_आजी

झोप येत नाही बाळा या वयात.

निशाचर_कुर्ला

सगळे जीवनसत्त्वांवर बोलताय, मुंबईतल्या मूळ रोगावर कुणी बोलत नाही. हार्बरने रोज जातो. रुळांच्या कडेला पालक, माठ, भेंडी लावलेली असते, पाणी कुठलं तर शेजारच्या नाल्याचं. त्याच जुड्या स्टेशनाबाहेर पाण्याने शिंपडून चमकवलेल्या दिसतात. त्यात शिसं-कॅडमियम उतरू शकतं, ते धुऊन जात नाही, शिजवूनही जात नाही. त्या भाजीवर औषध मारलं नसेल तर ती 'सेंद्रिय' म्हणायची का?

आकडेमोड

मोलाचा मुद्दा. सेंद्रिय म्हणजे खतं-औषधं कुठली वापरली नाहीत त्याची हमी. जमिनीत आधीपासून काय मुरलंय याची नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत अमेरिकी काँग्रेसच्या एका उपसमितीने बाळांच्या तयार खाण्यावर अहवाल काढला. आर्सेनिक, शिसं, कॅडमियम सापडलेल्यांत सेंद्रिय म्हणून माल विकणाऱ्या कंपन्याही होत्या. तांदूळ तर मातीतलं, पाण्यातलं आर्सेनिक ओढून घेतोच.

परदेशी_पाखरू

न्यू जर्सीहून. तो अहवाल आला तेव्हा माझी धाकटी आठ महिन्यांची होती आणि घरात चोवीस पाऊचचा खोका होता, सगळे सेंद्रिय, सगळ्यांवर हसरं गाजर. त्या दिवशी आईला व्हिडिओ कॉल केला आणि खिमट शिकले. आजींच्या पद्धतीत जिऱ्याचं माहीत नव्हतं, उद्या करून बघते.

युरोपात एक बरं आहे. तिथे बाळांच्या तयार खाण्यात कुठलंही कीटकनाशक किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, मग ते सेंद्रिय असो नसो. म्हणजे तिथल्या साध्या बाटलीवरही बऱ्यापैकी विसंबता येतं.

कोपरखळी

रच्याकने (जाता जाता), आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे, दोन वर्षांखालच्या बाळांच्या डबाबंद खाण्याची जाहिरातच करता येत नाही. तरी इन्स्टावर गोंडस बाळ आणि मागे हिरवा डबा दिसतोच. 'माझी वैयक्तिक पसंती' म्हणे.

वाडीवाला_वसई | मंगळवार, रात्री ९.१५

भाजी पिकवणारं इथे कुणी दिसत नाही म्हणून लिहितो. आमची वसईत दीड एकर वाडी. केळी, अळू, लाल माठ, मुळा, दुधी, शिराळी, थोडी वांगी. आमची आई पाटी घेऊन पहाटेच्या लोकलने दादरला जायची. मी तिसऱ्या पिढीतला. सात वर्षांपूर्वी रासायनिक बंद केलं.

कुठल्या भाजीवर किती फवारतात ते आधी सांगतो, कारण ते बाहेरच्या माणसाला कळत नाही. वांग्याला शेंडा आणि फळ पोखरणारी अळी लागते. फ्लॉवर-कोबीवर चौकोनी ठिपक्यांचा पतंग. भेंडीला, ढोबळी मिरचीलाही भरपूर औषध लागतं. याउलट रताळं, सुरण, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, अळू यांच्यावर फारसं कुणी काही मारत नाही. भोपळ्याची तर जाड सालही आपण काढून टाकतो. मोगराताई, तुम्ही बाळाला जे देताय त्यातलं रताळं आणि भोपळा डोळे झाकून कुठूनही घ्या. पैसे खर्चायचे तर फ्लॉवर, वांगं, पालेभाजी यांच्यावर खर्चा.

दुसरं म्हणजे, औषध मारल्यावर तोडा करायच्या आधी काही दिवस थांबायचं असतं. बाटलीवर लिहिलेलं असतं. पण सोमवारी मारलं आणि बुधवारी वाशीत भाव चढला तर कोण थांबणार? मी स्वतः थांबलो नव्हतो. खोटं कशाला बोलू. घरच्यासाठी मात्र बांधावरची वेगळी दोन वाफे ठेवायचो. एक दिवस माझ्या पोराने विचारलं, पप्पा, ती भाजी आपण का नाही खात? त्या वर्षी बंद केलं.

तिसरं, आणि हे मला बाळाच्या ताटापेक्षा मोठं वाटतं. २०१७ साली यवतमाळकडे कापसावर फवारताना माणसं दगावली. तुमच्या बाळाच्या पोटात कणभर जातं. जो पंप पाठीवर घेऊन फवारतो त्याच्या नाकातोंडात किती जात असेल? सेंद्रिय घ्या असं मी म्हणतो ते आधी त्याच्यासाठी.

पालवी

वाडीवाले दादा, काटा आला वाचून.

चाफेकळी

मी हेच म्हणत होते!

कोपरखळी

तुम्ही सर्दी म्हणत होता.

आकडेमोड | बुधवार, सकाळी ११.००

सवयीने हिशेब मांडतो. सात महिन्यांचं बाळ दिवसाला भाजी किती खाणार? जास्तीत जास्त ५० ग्रॅम धरू. महिन्याला दीड किलो. मोगरांच्या भावाने सेंद्रिय गाजर किलोला १८०, साधं ६०. फरक १२० रुपये, दीड किलोला १८०. म्हणजे फक्त बाळापुरतं सेंद्रिय करायचं तर महिन्याला १८० रुपये जादा. वीस रुपयांचा वडापाव धरला तर नऊ वडापाव. यावरून घरात भांडण व्हावं इतकी ही रक्कम नाही.

मोगरा_गोरेगाव

आकडेमोड, हिशेब नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, "ॲपवर ५०० च्या खाली ऑर्डर जातच नाही, डिलिव्हरीचे ४० वेगळे, आणि पाकीट अर्ध्या किलोचं. उरलेलं कोण खाणार?" उरलेलं मीच खाते. गेला आठवडा मी बाळाचं उरलेलं गाजरच खाते आहे. नऊ वडापाव खाल्ले असते तर जास्त आनंदात असते.

टिवल्याबावल्या

धाग्याचं सार: बाळ सेंद्रिय, आई नारिंगी.

नाचणीसत्त्व

मोगरा, तुम्ही खाताय ते वाया जात नाही. साडेसहा महिन्यांच्या बाळाचं मुख्य अन्न अजून तुमचं दूधच आहे. वरच्या खाण्यातून या वयात साधारण २०० कॅलरी मिळाव्यात, बाकी दुधातून. तुम्ही नीट जेवणं हे गाजराच्या शिक्क्यापेक्षा महत्त्वाचं. पण रोज गाजर नको हो.

समुद्रमेथी

माझं नाव बघून बोलावंसं वाटलं. मुंबईत समुद्राकाठच्या वाळूत मेथी लावतात, बोटभर उंचीच्या जुड्या येतात. लहानपणी आजी दादरहून आणायची. बाळाला कडू लागेल, तुम्ही खा. आणि पावसाळ्यात ठाणे, बोरिवली, दादरला कर्जत-पालघरकडच्या आदिवासी बायका टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली, शेवळं घेऊन बसतात. जगात त्याहून सेंद्रिय काही नाही, कुणी लावलेलंच नसतं.

गिरगावची_आजी

शेवळं बाळाला देऊ नका बरं का कुणी! घसा खाजतो. मोठ्यांनाही काकडं, म्हणजे ती आंबट रानफळं, घालून केल्याशिवाय खाववत नाहीत.

खवय्या_डोंबिवली

शेवळं म्हणताच तोंडाला पाणी सुटलं. आमच्याकडे कोलंबी घालून करतात. सीकेपी पद्धत. सोडे घातले तरी

कोपरखळी

खवय्या, वाक्य पूर्ण करा, माणसं उपाशी आहेत इथे.

खवय्या_डोंबिवली

लोकल आली होती. तर सोडे घातले तरी उत्तम. पण शेवळं पुरेशी उकळायला हवीत आणि काकडं हवीतच. सविस्तर पाककृती वेगळ्या धाग्यात टाकतो.

पालवी

इथे नको, बाळाचा धागा आहे. :)

निशाचर_कुर्ला

मुद्द्यावर येतो. खात्री कशी करायची? ज्या दुकानातून मी दोन वर्षं 'नैसर्गिक, विषमुक्त' भाजी घेत होतो, तिथला पोऱ्या एकदा पहाटे वाशीच्या यार्डात गोणी उचलताना भेटला. त्याने मला ओळखलं, मी त्याला ओळखलं. दोघंही काही बोललो नाही.

वाडीवाला_वसई

विषमुक्त, नैसर्गिक, देशी, गावरान या शब्दांना काही बांधलेपण नाही, कुणीही लिहितो. पाकिटावर सरकारमान्य सेंद्रिय चिन्ह बघा. त्याच्यामागे दोन वाटा आहेत. एक अपेडाची, म्हणजे शेतमालाची निर्यात बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, तिसरा माणूस येऊन तपासतो, ती माझ्यासारख्याला परवडत नाही. दुसरी पीजीएस. त्यात निदान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो आणि आम्हीच एकमेकांच्या वाडीत जाऊन तपासतो. ऐकायला गंमत वाटेल, पण शेजाऱ्याइतका कडक तपासनीस नाही. माझ्या विहिरीवर रिकामी बाटली दिसली तर सगळ्या गटाला कळतं. बदलाच्या काळात पीजीएस ग्रीन आणि पुढे पीजीएस ऑरगॅनिक, असे दोन शिक्के असतात. जमीन एका रात्रीत सेंद्रिय होत नाही, भाजीच्या रानाला दोन वर्षं लागतात.

थोडंसं पिकवून स्वतः थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला शिक्क्यातून सूट आहे. म्हणजे पाटीवालीकडे शिक्का नसला म्हणून ती खोटी असं नाही. तिला विचारा, वाडी कुठे आहे, या महिन्यात काय येतं. मे महिन्यात सेंद्रिय फ्लॉवर विकणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

अजून एक, सेंद्रिय म्हणून न धुता खाऊ नका. आम्ही जीवामृत घालतो. २०० लिटर पाण्याला दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, मूठभर माती. मातीला ते अमृत आहे, तुमच्या बाळाच्या पोटाला नाही.

आकडेमोड

धुण्यावर एक. २०१७ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर प्रयोग झाला. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात १२ ते १५ मिनिटं ठेवल्यावर सालीवरचं औषध नुसत्या पाण्यापेक्षा चांगलं निघालं. जे आत मुरलं होतं ते निघालं नाही. म्हणून सोड्यात भिजवा, वाहत्या पाण्यात धुवा, साल काढा, पण त्याला सेंद्रिय केल्याचा दाखला समजू नका.

पालवी

मी मिठाच्या पाण्यात ठेवते. आईने सांगितलं म्हणून. आता सोडा. आईला सांगणार नाही.

समुद्रमेथी

मासळीवाल्याकडचा थर्माकोलचा खोका मागून आणा. भोकं पाडा, माती आणि गांडूळखत घाला, लाल माठाचं बी भुरभुरा. बाल्कनीत ऊन येत असेल तर तीन-चार आठवड्यांत बाळापुरता माठ निघतो. तोडल्यापासून शिजेपर्यंत पाच मिनिटं. पालेभाजीतलं क जीवनसत्त्व तोडल्यापासून उडायला लागतं, त्यामुळे हा ताजेपणा कुठल्याच ॲपवर मिळणार नाही. फक्त खोका चार दिवस आधी धुऊन उन्हात ठेवा, नाहीतर सगळी इमारत विचारेल.

टिवल्याबावल्या

'आमच्याकडे सेंद्रिय माठ, बोंबिलाच्या सुवासासह.'

चाफेकळी | गुरुवार, दुपारी १.२०

सगळं वाचलं. सर्दीचं माझं चुकलं असेल, मान्य. पण चवीचं मी सोडणार नाही. आमचा लेक आज वाटीभर दुधी खातो, शेजारच्यांचा बिस्किटाशिवाय तोंड उघडत नाही.

नाचणीसत्त्व

चाफेकळी, त्याचं श्रेय तुम्हाला आहे, शिक्क्याला नाही. तुम्ही वर्षभर वेगवेगळ्या भाज्या समोर ठेवल्यात. पहिल्यांदा थुंकलेली भाजी आठ-दहा वेळा समोर आली तर बरीच बाळं घेतात. बहुतेक आया तिसऱ्या वेळी हात टेकतात. महाग भाजीचा इथेच तोटा होतो. ९० रुपयांचं गाजर थुंकलं की आईचा जीव तुटतो आणि पुन्हा आणत नाही. दहा रुपयांची जुडी दहा वेळा थुंकली तरी चालते.

गिरगावची_आजी

हे मात्र खरं बोललीस.

मोगरा_गोरेगाव | रविवार, रात्री ८.४०

मंडळी, आठवडाभराचा अहवाल देते.

ॲप बंद केलं. रताळं आणि लाल भोपळा पुन्हा नाक्यावरून. खिमट आजींच्या पद्धतीने, जिरं घालून, आता त्यात डाळ जास्त आहे आणि चमचा तिरका केला तर ओघळत नाही. लिंबाचे दोन थेंब पडल्यावर लेकीने जे तोंड केलं त्याचा व्हिडिओ आहे, इथे टाकत नाही. परवा अंड्यातला पिवळा बलक दिला. सासूबाई शाकाहारी, त्या तेवढा वेळ देवघरात जाऊन बसल्या. पण बाहेर आल्यावर 'खाल्लं का गं तिने?' हे पहिलं विचारलं.

पालेभाजी, फ्लॉवर सेंद्रियच घेणार, पण आठवड्यातून एकदा आणि सगळ्या घरासाठी. आज सकाळी नवरा स्वतःहून दादरला गेला. तिथे वसईच्या एका मावशींना त्याने विचारलं, वाडी कुठे, या महिन्यात काय येतं, सगळं वाडीवाल्यांनी सांगितल्याबरहुकूम. मावशी म्हणाल्या, "भाजी घ्यायची तर घे, लग्न जमवायला आलायस का?" तीन जुड्या लाल माठ आणि एक दुधी घेऊन आला.

लेकीने माठ थुंकला. दहापैकी पहिली वेळ.

वाडीवाला_वसई

मावशींनी हिरवी नऊवारी नेसली होती का? आणि नाकात मोठी चमकी?

मोगरा_गोरेगाव

नवऱ्याला विचारलं. चमकी होती म्हणतो, लुगड्याचा रंग आठवत नाही. का हो?

वाडीवाला_वसई

काकू माझी. दुधी आमच्या वाडीतला. देठाशी जरा निबर असेल, तो तुकडा बाळाला घालू नका.